मडकं नको, मग हातात काय?

"माझ्यामागे काही विधी करू नका" हे वाक्य घरात बोलायला सोपं असतं. कुणाच्या तरी तेराव्याचं जेवून परत आल्यावर माणूस ते सहज बोलून जातो. बाकीचे "आधी शंभर वर्षं जगा" म्हणतात आणि विषय तिथेच मिटतो. मग एके दिवशी पहाटे साडेचारला ते माणूस जातं. सातच्या सुमारास इमारतीतले चार अनुभवी लोक दारात येऊन उभे राहतात आणि हळूच विचारतात, "सामान कोण आणतंय?" घरच्यांकडे "सामान नको" एवढंच उत्तर असेल तर अर्ध्या तासात सामान येतं. बांबू, काथ्या, मडकं, गोवऱ्या, पांढरं कापड, सगळं. त्यात कुणाचा वाईट हेतू नसतो. रिकाम्या हातांनी प्रेताजवळ उभं राहणं माणसांना सहन होत नाही, इतकंच.

निधर्मी अंत्यसंस्कार फसतो तो बहुतेक वेळा इथेच. काय करायचं नाही याची यादी पक्की असते, आणि त्या जागी काय करायचं ते कुणी ठरवलेलंच नसतं. विधींवर विश्वास असो वा नसो, ते कोणती कामं करत होते हे बघून ठेवलं पाहिजे. तिरडी बांधताना चौघांचे हात गुंततात. अंघोळ घालताना घरच्यांना शेवटचा स्पर्श मिळतो. मडकं धरून पुढे चालणाऱ्याकडे बघून सर्वांत जवळचं कोण, हे न बोलता कळतं. शेवटी मडकं फुटतं, आणि तो आवाज म्हणजे जमलेल्यांना "आता वळा" अशी खूण असते. गुरुजींचं अर्धं काम मंत्र म्हणण्याचं असतं, उरलेलं अर्धं वेळ सांभाळण्याचं: आता उचला, आता थांबा, आता एकेकाने पुढे या. गुरुजी नकोत असं ठरलं की ही सगळी कामं कुणाच्या तरी अंगावर येतात. ती कुणाच्या, हे आधी ठरवून ठेवणं म्हणजेच निधर्मी अंत्यसंस्काराची तयारी.

मराठी माणसाला हे नवं नाही. १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन झाला तेव्हापासून आपल्याकडे भटजींशिवाय लग्नं लागली आहेत आणि अंत्ययात्राही निघाल्या आहेत. खुद्द जोतीरावांना दहन नको होतं, मिठात पुरावं अशी त्यांची इच्छा होती. घरामागे खड्डाही खणून ठेवला होता. २८ नोव्हेंबर १८९० ला ते गेले, वस्तीत पुरायला नगरपालिकेची परवानगी मिळाली नाही आणि दहनच करावं लागलं. टिटवं, म्हणजे अंत्ययात्रेपुढे धरायचं मडकं, कुणी धरायचं यावरून भाऊबंदांनी वाद काढला, तेव्हा सावित्रीबाईंनी ते स्वतः हातात घेतलं, अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या आणि अग्नी दिला. या एका घटनेत आजच्या घराला उपयोगी पडतील अशा दोन गोष्टी आहेत. इच्छा कितीही स्पष्ट असली तरी परवानगी कशाला मिळते हे जिवंतपणी विचारून ठेवावं लागतं. आणि बाईने स्मशानात यायचं की नाही, पुढे कुणी चालायचं, हे प्रश्न या मातीत सव्वाशे वर्षांपूर्वीच सुटलेले आहेत, ते पुन्हा दारात उभं राहून सोडवत बसायला नको. मुंबईपुरतं बोलायचं तर सावरकरांचंही उदाहरण आहे. विद्युतदाहिनीत दहन व्हावं, मागे सुतक, श्राद्ध, पिंड काही करू नये, हे त्यांनी लिहून ठेवलं होतं, आणि १९६६ मध्ये चंदनवाडीच्या विद्युतदाहिनीत त्यांचं दहन झालं. विचारांनी एकमेकांपासून दूर असलेली माणसंही एका बाबतीत सारखी वागली. दोघांनी आपल्या देहाचं काय व्हावं हे आधीच सांगून ठेवलं.

लिहून ठेवायचं, पण मृत्युपत्रात नाही. मृत्युपत्र उघडतं ते सगळं आटोपल्यावर, कधी दहा दिवसांनी, कधी महिन्याने. तोवर राख समुद्रात गेलेली असते. देहासंबंधीची इच्छा वेगळ्या एका पानावर लिहावी, खाली तारीख आणि सही, जमल्यास घरातल्याच दोघांच्या सह्या. हे पान कायद्याने कुणाला बांधत नाही, शेवटी निर्णय जवळच्या नातलगांचाच असतो. म्हणून साक्षीदार घरातलेच हवेत: ज्याने त्या कागदावर सही केली तो ऐनवेळी सहसा उलटत नाही. पान एकच असावं. त्यात दहन, दफन की देहदान, डोळे द्यायचे की नाही, कोणते कपडे, कुणाला फोन करायचे (पाच नावं आणि नंबर, त्याहून जास्त नकोत), काय अजिबात नको आणि काय हवं. शेवटच्या ओळीला सगळ्यात जास्त जागा ठेवा. पानाच्या तीन प्रती करा. एक कपाटाच्या दाराला आतून चिकटवा, एक जवळच्या मित्राकडे द्या, एक फॅमिली डॉक्टरांकडे. बँकेच्या लॉकरमधल्या कागदाचा रविवारी पहाटे काही उपयोग नाही.

पहिले दोन तास कागदांचे आणि शरीराचे असतात, आणि शरीर थांबत नाही. घरी मृत्यू झाला असेल तर डॉक्टरने येऊन तपासून मृत्यूच्या कारणाचा दाखला द्यायचा असतो, ठरलेल्या नमुन्यावर, म्हणजे ४-अ वर. रुग्णालयात मृत्यू झाला तर तिथलेच डॉक्टर नमुना ४ भरून देतात. गेले काही महिने जे उपचार करत होते त्या डॉक्टरांनी दाखला देणं सोपं असतं; अनोळखी डॉक्टर कचरतात आणि त्यात त्यांची चूक नाही. आजारी माणूस घरी असेल तर "रात्री-अपरात्री तुम्ही याल ना?" हे डॉक्टरांना आताच विचारून ठेवा. अपघात, आत्महत्या किंवा संशयास्पद मृत्यू असेल तर पोलीस आणि शवविच्छेदन आलंच, मग ठरवलेलं सगळं एक दिवस पुढे जातं. दाखल्यावरचं नाव आधार कार्डाशी अक्षरन् अक्षर जुळतंय का ते दाखला हातात घेतल्याघेतल्या वाचा. स्मशानभूमीतल्या नोंदवहीत तेच नाव उतरतं, तिथून वॉर्डाच्या आरोग्य खात्यात जातं, आणि एक वेलांटी चुकली तर बँक, विमा, सोसायटीचा शेअर दाखला, सगळीकडे तीच चूक पुढे वर्षभर नडते. नोंदीची मुदत २१ दिवसांची आहे. नोंद झाल्यावर मिळणाऱ्या मृत्यूच्या दाखल्याच्या आठ-दहा प्रती एकदमच घ्या.

शरीराकडे बघायचं ते असं. मृत्यूनंतर साधारण दोन ते चार तासांत स्नायू ताठरायला लागतात, आणि ते सुरू होतं जबडा आणि मानेपासून. कवळी वापरत असतील तर ती आधी बसवावी, नंतर तोंड उघडत नाही. मऊ सुती कापडाची चार बोटं रुंद पट्टी हनुवटीखालून घेऊन डोक्यावर बांधावी. गाठ मध्यभागी न आणता थोडी बाजूला घ्यावी, म्हणजे उशीवर डोकं कलत नाही. पापण्या हलकेच मिटून त्यांवर ओल्या कापसाचे बोळे ठेवावेत. हात सरळ करावेत, अंगठ्या काढाव्यात. बोट सुजलं असेल तर साबणाचं पाणी लावून गोल फिरवत काढावी, ओढू नये. नळ्या किंवा कॅथेटर असेल तर ते नर्सनेच काढावं. अंघोळीऐवजी कोमट पाण्यात टॉवेल पिळून अंग पुसलं तरी पुरतं, आणि इमारतीच्या आवारात सगळ्यांसमोर पाणी ओतण्यापेक्षा दार लोटून, दोघा-तिघांनी, न बोलता किंवा बोलत बोलत अंग पुसणं कितीतरी जवळचं असतं. आमच्या मते संपूर्ण दिवसातला खरा संस्कार हाच. तो घाईने उरकू नये आणि बाहेरच्या माणसावर सोपवू नये. आईचे पाय मुलाने पुसावेत, बोटांच्या बेचक्यांतून टॉवेल फिरवावा, मग तिची नेहमीची सुती साडी नेसवावी. इथे मंत्राची जागा रिकामी राहत नाही.

नेत्रदान करायचं असेल तर सहा तासांच्या आत. पंखा बंद, एसी असेल तर चालू, डोक्याखाली उशी, डोळ्यांवर तेच ओले बोळे. नेत्रपेढीची माणसं घरी येतात, वीसेक मिनिटांत काम होतं, चेहरा विद्रूप होत नाही. त्वचादानालाही वेळेची मर्यादा तशीच. देहदान मात्र जरा वेगळं प्रकरण आहे आणि त्याबाबत घरांची फार निराशा होते. केईएम, सायन, नायर, जेजे, कूपर या रुग्णालयांशी जोडलेल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या शरीररचनाशास्त्र विभागात देह स्वीकारला जातो, पण प्रत्येक देह नाही. शवविच्छेदन झालेलं असेल, पोलीस केस असेल, एचआयव्ही, हेपटायटिस बी किंवा क्षयासारखा संसर्ग असेल, शरीर खराब व्हायला लागलं असेल तर ते नाही म्हणतात. कुठल्याही वयात, कितीही जुना फॉर्म भरलेला असला तरी. म्हणून देहदान ठरवलेल्या प्रत्येकाने त्याच पानावर "न स्वीकारल्यास" असं लिहून पुढे दहनाची योजना लिहिलीच पाहिजे. उलटही खरं आहे: फॉर्म भरलेला नसला तरी वारसांची संमती असेल तर देहदान होऊ शकतं. अस्थी परत मिळत नाहीत हे घरच्यांना आधीच माहीत असावं, आणि निरोपाचा कार्यक्रम घरूनच, गाडी येण्याआधी करावा लागतो.

आता मुंबईतल्या इमारतीचा प्रश्न. लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावत नाही. जुन्या इमारतींत तर नाहीच, नव्यातही मोठी लिफ्ट कोणती, तिची चावी कुणाकडे, हे वॉचमनला ठाऊक असतं आणि घरच्यांना नसतं. जिन्याने उतरवायचं तर पट्ट्यांचं स्ट्रेचर हवं आणि सहा माणसं हवीत. चौघे धरायला, दोघे वळणावर बदली. पाय पुढे, डोकं मागे आणि वरच्या बाजूला, सर्वांत उंच माणसं पुढे, खालच्या पायऱ्यांवर. तिरडी नको असेल तर शववाहिनीवाल्याला फोनवरच स्ट्रेचर आणायला सांगा, नाहीतर तो तिरडी असेल असंच धरून येतो. परदेशातून कुणी येईपर्यंत थांबायचं असेल तर थंड शवपेटी भाड्याने मिळते. ती भिंतीतल्या पक्क्या प्लगवर लावा, एक्स्टेंशनवर नको. काचेवर आतून-बाहेरून दमटपणा धरतो, पुसायला एक सुकं फडकं बाजूला ठेवा. फार लोक येणार असतील, घर लहान असेल, तर रुग्णालयाच्या शवागारात ठेवणं जास्त शहाणपणाचं.

घरातून निघण्याआधी आणि दाहिनीसमोर, असे दोन छोटे निरोप पुरतात. त्यासाठी एक सूत्रधार नेमा, आणि तो घरातला नको. मुलगा-मुलगी, नवरा-बायको यांच्यावर हे काम टाकू नये, त्यांचा आवाज ऐनवेळी साथ देत नाही. ऑफिसातला मित्र, शेजारीण, शाळेतले सर, आवाज खणखणीत असलेलं आणि न रडता पंधरा मिनिटं उभं राहू शकणारं कुणीही चालेल. त्याने घरी एवढंच म्हणावं: "यांच्या इच्छेप्रमाणे आपण कोणताही धार्मिक विधी करणार नाही आहोत. प्रत्येकाने एक फूल वाहावं, मग आपण निघू." हे पहिलं वाक्य मोठ्याने आणि लवकर बोललं गेलं की निम्मे प्रश्न उरत नाहीत. ते वेळेत न बोलल्यामुळेच कुणीतरी मागून गंगाजल शोधायला लागतं. सुटी फुलं दोन किलो आणा, हार नकोत. हार तीस-तीस येतात, ओले असतात, दाहिनीत जात नाहीत आणि शेवटी ढिगाने बाजूला पडतात.

स्मशानभूमीत वेळ थोडा असतो. दादरला शिवाजी पार्कजवळची, भागोजीशेठ कीरांनी उभारलेली स्मशानभूमी असो, चंदनवाडी, ओशिवरा किंवा बोरिवलीची दौलतनगर असो, तुमच्या मागे आणखी कुणाचं तरी माणूस येऊन थांबलेलं असतं. कार्यालयात डॉक्टरांचा दाखला, मयताचं आणि नातलगाचं आधार दाखवून नोंद होते, तेवढ्यात एकाने दाहिनी कोणती चालू आहे ते बघून यावं. वीज किंवा गॅसच्या दाहिनीला आमचं मत स्पष्टपणे अनुकूल आहे: लाकडाच्या चितेला तीनेकशे किलो लाकूड लागतं, पावसाळ्यात ते ओलं असतं, आणि ओल्या लाकडाची चिता घरच्यांना बघवत नाही. पण दाहिनीत एक उणीव आहे. अग्नी द्यायचाच नसतो, ट्रॉली आत सरकते, दार खाली येतं, संपलं. हे इतकं पटकन होतं की लोक चक्रावून एकमेकांकडे बघत राहतात. हा क्षण आधी ठरवून भरावा लागतो. ट्रॉलीवर ठेवल्यावर सूत्रधाराने घरच्यांना पुढे बोलवावं. एकेकाने कपाळावर हात ठेवावा. मग एक कविता, एक उतारा किंवा त्यांचं आवडतं एखादं गाणं, दोन मिनिटांचं, त्याहून मोठं नको. गाणं फोनवर लावणार असाल तर फोन विमान-मोडवर टाका, नाहीतर मध्येच कुणाचा तरी सांत्वनाचा फोन वाजतो. शेवटी दोन्ही बाजूंनी घरच्यांनी ट्रॉलीला हात लावावा आणि कामगार सांगेल तेव्हा मिळून ढकलावी. मडक्याची जागा हे ढकलणं घेतं. लहान वाटतं, पण ज्यांनी हात लावलेला असतो ते नंतर शांत असतात. दार बंद झाल्यावर सूत्रधाराने "एक मिनिट शांत उभं राहू" म्हणावं, घड्याळ बघावं, आणि मिनिट संपल्यावर "आता आपण निघू या" हे मोठ्याने म्हणायला विसरू नये. ही शेवटची खूण राहून गेली की माणसं तिथेच रेंगाळतात, कुणी निघायचं ते कळत नाही.

आत काय जाऊ नये हे कामगार सांगतात, पण ऐकायला कुणाचं लक्ष नसतं. चष्मा, प्लास्टिक, काच, नारळ, बाटली, मोबाईल, काही नाही. आणि पेसमेकर. त्यातली बॅटरी उष्णतेने फुटते, कामगाराला इजा होऊ शकते आणि दाहिनीचंही नुकसान होतं. दहनाआधी तो डॉक्टरांकडून काढून घेतलाच पाहिजे. पेसमेकर असलेल्याने ही ओळ आपल्या पानावर सर्वांत वर लिहावी.

या सगळ्यात एक प्रसंग हमखास येतो. गेलेल्या माणसाची आई किंवा बायको पदराआडून तुळशीचं पान काढते. कुणीतरी तत्त्वाचा मुद्दा म्हणून तिला अडवायला पुढे होतं. अडवू नका. जे गेले त्यांनी पुरोहित नको, पिंड नको, कावळ्याची वाट बघणं नको असं सांगितलं असेल तर तो शब्द पूर्ण पाळावा, त्यात तडजोड करू नये. पण ऐंशी वर्षांच्या बाईच्या हातातलं एक पान म्हणजे पौरोहित्य नाही. गेलेल्या माणसाचा विवेक जपायचा असेल तर मागे राहिलेल्यांच्या दुःखावर त्याचा विजय साजरा करून तो जपला जात नाही. हेही आधी बोलता येतं. "आई, तुला काय करावंसं वाटेल?" असं जिवंतपणी विचारलेलं बरं.

दहावा-तेरावा नको म्हटलं तरी लोकांना भेटायला एक दिवस हवा असतो. म्हणून स्मृतिसभा ठेवावी, दहा ते पंधरा दिवसांच्या आत. सोसायटीचा हॉल, ग्रंथालयाचं सभागृह, शाळेचा वर्ग, काहीही चालतं. रविवारी दुपारी मात्र ठेवू नका, अकरा ते चार साधारण मेगाब्लॉक असतो आणि कल्याण-पनवेलची माणसं अडकतात. संध्याकाळी साडेपाच बरी. सव्वा तासाच्या वर जाऊ नये. पाच बोलणारे, प्रत्येकी पाच मिनिटं, आणि ते पाच वेगवेगळ्या दिशांचे: एक बालपणीचा, एक कामावरचा, एक शेजारचा, एक नातवंड, एक असा की ज्याच्याशी त्यांचे मतभेद होते. पाच मिनिटं म्हणजे लिहिलेले साधारण साडेपाचशे-सहाशे शब्द. लिहून आणायला सांगा, ऐनवेळी बोलणारा वीस मिनिटं घेतो आणि बहुतेक स्वतःबद्दल बोलतो. सभा सुरू होण्याआधी "आणखी कुणाला दोन शब्द बोलायचे आहेत का?" हे विचारायचं नाही असं सूत्रधाराशी पक्कं ठरवा. ज्यांना बोलायचंय त्यांच्यासाठी दाराशी एक वही ठेवा. ती वही वर्षभर वाचली जाते. फोटोजवळ समई लावायची नसेल तर त्यांच्या हाताखालची एखादी वस्तू ठेवा, टाचणी टोचलेली शिवणाची उशी, घासून गुळगुळीत झालेली फूटपट्टी. येणारे नमस्काराला हात जोडतात आणि मग त्या वस्तूकडे बघत राहतात.

राहिली राख. दाहिनीतून दोन-तीन किलो मिळते, बहुतेक हाडांची भुकटी आणि तुकडे. समुद्रात सोडायची तर भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा आणि ओहोटी नुकती लागल्यावर जा, म्हणजे पाणी बाहेर ओढतं. भरतीला सोडलेली राख पायांशी परत येते. वारा पाठीवर घेऊन उभं राहा, हात पाण्याजवळ न्या. मातीची असोत वा पितळेची, भांडी सोबत परत आणा. झाडाखाली घालायची तर सार्वजनिक बागेत उद्यान खात्याला विचारूनच, गावी स्वतःचं शेत असेल तर प्रश्नच नाही. पण सगळी राख एका खड्ड्यात ओतली की रोप मरतं, आणि ते मेलेलं रोप घरच्यांना दुसऱ्यांदा रडवतं. राखेत क्षार फार असतात. दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्या, त्यात दोन मुठी राख, घमेलंभर शेणखत आणि उरलेली सगळी माती नीट कालवा, रोप लावा, बाकीची राख शेतभर पातळ पसरा. मुलांना माती लोटू द्या. आणि खड्ड्याशेजारी पाण्याची बादली आणि तांब्या ठेवा, हात धुवायला.